मामाचा शिस्तीचा वर्ग

एका जंगलात एका साळिंदराचं वाटोळं झालं, आणि ते त्याच्या सख्ख्या मामानं केलं. हे आधीच सांगितलेलं बरं, मुलांनो. नाहीतर शेवटी वडीलधारे जमतात आणि 'पोराचीच चूक' म्हणून मोकळे होतात.

साळिंदराचं नाव टोच्या. त्याची शाळा अर्ध्यावर सुटली होती, पण अंगावर काटे भरपूर होते. काटे दिसले की बिबट्या दुसरीकडे जेवायला जातो. साळिंदराला याहून जास्त शिक्षण लागत नाही.

त्या जंगलात धुकनाण्याचं खूळ आलं. धुकनाणं कुणी पाहिलं नव्हतं. भाव मात्र सगळ्यांना पाठ. सावरीच्या शेंड्यावरून कोतवाल पक्षी तो दिवसभर ओरडायचा. माकडांना काटे दिले की माकडं म्हणायची, "घ्या, नाणं तुमचं झालं." भाव चढला तर जास्त काटे परत. तोवर माकडं त्याच काट्यांनी दात कोरायची.

टोच्यानं पाठीवरचे काटे उपटून लावले. भाव चढला, तो नाचला. भाव कोसळला, पाठ उघडी पडली.

मग त्यानं शहाण्यासारखा एक नियम केला. आपोआप गळून पडलेले काटेच लावायचे, अंगावरच्यांना हात नाही. गळलेले संपले की घरी जाऊन कंद उकरायचे.

नियम चालला. पाठीवर नवे काटे फुटले. आईला सुखाची झोप लागू लागली. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

पण रंगामामा आला.

रंगामामा आईचा थोरला भाऊ. धुकनाण्यात त्याचे सगळे काटे गेले होते, शेपटीवरचेसुद्धा. तेव्हापासून तो केळीचं पान पांघरून शिस्तीवर व्याख्यानं द्यायचा.

"काय रे, नियम कुणाला विचारून केलास?"

"स्वतःला."

"इथेच चुकतं तुमच्या पिढीचं! शिस्त काय झाडाला लागते? मी यात पाठ झिजवलीय."

"दिसतंय, मामा."

"गोदे, ऐकलंस? हे तुझे संस्कार?"

आई घाईघाईनं म्हणाली, "टोच्या, मामा मोठा आहे. ऐक त्याचं."

या एका वाक्यानं जंगलातली निम्मी पोरं बुडाली आहेत.

मामाचा वर्ग वारुळाशेजारच्या बिळापाशी भरायचा. विषय होता 'तोट्यानंतर मन कसं आवरावं'. फी काट्यांत. टोच्यानं गळलेले काटे पुढे केले, तर मामानं ते पायानं बाजूला सारले.

"हे नकोत. दुखल्याशिवाय शिस्त अंगात मुरत नाही. उपट."

टोच्यानं सोबत आलेल्या आईकडे पाहिलं. आईनं जमिनीकडे पाहिलं. टोच्यानं उपटले.

पहिल्या धड्यात मामानं सांगितलं, घाबरू नका. दुसऱ्यात सांगितलं, हाव धरू नका. मग बरेच दिवस हेच उलटसुलट करून झालं आणि शेवटी एकदाचा मोठा धडा आला. मामा डोळे मिटून म्हणाला, "अंगावरच्या काट्यांना कधीही हात लावू नका."

"हे तर मला येतच होतं!" टोच्या ओरडला.

"येणं वेगळं आणि शिकणं वेगळं. पुढची फी काढ."

"वा!" मामासारखीच पानं पांघरून वर्गाला बसलेले म्हातारे माना डोलवत म्हणाले.

टोच्याचा संताप झाला. वर्ग सुटल्यावर तो मामाच्या मागे गेला. मामा थेट माकडांकडे गेला आणि फीचे सगळे काटे त्यानं धुकनाण्यावर लावले.

"मामा! अहो, हे काय?"

मामा जराही ओशाळला नाही. "यालाच धोका आवरणं म्हणतात, बाळा. स्वतःचं काही लावायचं नाही. कुणाला बोलू नकोस, हा वरच्या वर्गाचा धडा आहे."

दुसऱ्या दिवशी भाव कोसळला. फीचे काटेही गेले. त्याच संध्याकाळी, भर वर्गात, बिबट्या आला.

"घाबरू नका!" असं ओरडत मामा सगळ्यात आधी बिळात शिरला. त्याच्यामागे म्हातारे, मग आई, वयाच्या क्रमानं, ओळीनं. टोच्या वयानं सगळ्यात लहान. तो बाहेर राहिला.

साळिंदरं करतात तसं त्यानं बिबट्याकडे पाठ फिरवली आणि अंग फुलवलं. फुलवायला अंगावर काही उरलं नव्हतं.

तो कसाबसा बिळात घुसला, पण अख्खा नाही.

आतून मामाचा आवाज आला. "बघा, ही बेशिस्त! नीट शिकला असता तर असं झालं नसतं."

म्हातारे "वा!" म्हणाले. आईनं पुन्हा जमिनीकडे पाहिलं.

तात्पर्य : धोका आवरायला शिकायचं असेल तर आधी एक भाचा गाठावा. टोच्याला भाचा नव्हता. त्याचा मागचा डावा पाय गेला.