डॉल्फिन थांबला होता

बस डेपोतल्या टाइमकीपरला सगळे काटेसाहेब म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. त्यांच्या घड्याळाचा काटा आणि त्यांचा स्वभाव, दोन्हींकडे बघून डेपोनेच ठेवलेलं नाव होतं ते. काटेसाहेबांनी शिट्टी मारली की गाडी सुटायची. मागून कुणी धावत येवो, कुणाची पिशवी फाटून बटाटे रस्त्यावर सांडोत, शिट्टी काही थांबत नसे. "गाडी कुणासाठी थांबत नसते," हे त्यांचं लाडकं वाक्य. एकदा खुद्द सासरेबुवा छत्री उंचावत धावत आले होते. काटेसाहेबांनी त्यांना वाकून नमस्कार केला, पण गाडी सोडल्यानंतर.

अशा माणसाच्या घरात भिंतीवर घड्याळ नव्हतं. वेळ काय झाली हे वहिनी नवऱ्यालाच विचारत. (डेपोतले सगळे त्यांना वहिनी म्हणत, आपणही म्हणू.) बाकी कुठल्याच बाबतीत त्या नवऱ्याला विचारायच्या भानगडीत पडत नसत.

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून लेकीने दोघांना जहाजाच्या सहलीवर पाठवलं. "समुद्रात फोन सुरू करू नका, बिल बघून मला चक्कर येईल," अशी तंबीही दिली. त्यामुळे दोघांचे फोन केबिनच्या खणात गप्प पडले होते आणि वेळ बघायला साहेबांचं मनगट तेवढं उरलं होतं. ही बारीकशी गोष्ट लक्षात असू द्या.

आता वहिनींना या सहलीत एकच गोष्ट हवी होती. शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकात त्यांनी डॉल्फिनचं चित्र बघितलं होतं, तेव्हापासून तो प्राणी त्यांच्या मनात घर करून बसला होता. सहलीचं ठरायच्या आधीपासून, दोन वर्षं, त्या नातवंडांच्या वयाच्या पोरांबरोबर पोहायला शिकत होत्या. का शिकता, असं कुणी विचारलं तर "गुडघ्यांसाठी" म्हणत. काटेसाहेब मात्र बादलीतल्या पाण्याशीही अंतर राखून वागणारे.

जहाजावर सहली बुक करायचं एक टेबल होतं. दोघं तिथे जाऊन उभे राहिले.

"डॉल्फिनमध्ये तीन प्रकार आहेत," टेबलामागची मुलगी म्हणाली. "होडीतून लांबून बघायचं. नाहीतर कमरेइतक्या पाण्यात उभं राहून हात लावायचा. नाहीतर खोल पाण्यात त्यांच्याबरोबर पोहायचं. शेवटी डॉल्फिन तुम्हाला ओढत काठाशी आणतो."

"तिसरं," वहिनी म्हणाल्या.

"पहिलं," त्याच क्षणी काटेसाहेब म्हणाले.

"अगं, लांबून जास्त चांगले दिसतात ते."

"लांबून तीस वर्षं तुम्हाला बघतेय मी, डेपोच्या फाटकातून. पुरे झालं."

साहेबांनी मुलीकडे मोर्चा वळवला. "ओढत आणतो म्हणता, आणि मध्येच सोडून दिलं तर?"

"अजून तरी कुणाला सोडलं नाही."

"ऐकलंस? अजून तरी!" मग साहेबांनी तोडगा काढला. "असं करू, दुसरं घेऊ. दोघांचंही मन राहील."

वहिनींनी ओठ मिटून घेतले. या मिटलेल्या ओठांचा अर्थ साहेबांना पुरता माहीत होता. ते मिटले की घरात आठवडाभर फक्त भांडी बोलत. त्यांनी मुकाट्याने वहिनींसाठी तिसरा प्रकार बुक केला आणि स्वतःसाठी काठावर बसून टॉवेल सांभाळायची जागा.

"उद्या उशीर नको हं," वहिनी म्हणाल्या.

"उशीर? हे तू मला सांगतेस?" साहेब इतके दुखावले की त्यांनी चहा अर्धा टाकला.

त्या संध्याकाळी वहिनी जहाजावरच्या तलावात सराव करत होत्या आणि साहेब केबिनमध्ये पडले होते. छताच्या स्पीकरमधून सूचना आली, 'प्रवाशांनी आपापली घड्याळं एक तास पुढे करावीत.' जहाज पूर्वेकडे चाललं होतं, तिकडची वेळ तासाने पुढे, एवढीच गोष्ट. पण काटेसाहेब पोट धरून हसले. डेपोतलं भिंतीवरचं घड्याळ मागे पडलं की कुणीतरी असंच ओरडून सांगे आणि सगळे साहेबांच्या मनगटाकडे बघून वेळ लावत. 'यांची घड्याळं मागे पडली वाटतं! एवढं थोरलं जहाज आणि एक टाइमकीपर ठेवता येत नाही!' त्यांनी आपल्या घड्याळाला प्रेमाने किल्ली दिली आणि झोपले. वहिनींना सांगण्याइतकी ती गोष्ट त्यांना मोठी वाटलीच नाही.

सकाळी दोघं न्याहारीला गेले तेव्हा टेबलं पुसणं चाललं होतं. "लोक काय भराभरा खातात बघ," साहेब म्हणाले. बंदराच्या धक्क्यावर ते वेळेच्या आधी पोहोचले (म्हणजे त्यांच्या वेळेच्या), तर तिथे बस नव्हती. हातातली पाटी काखेत मारून एक माणूस परत निघाला होता.

"डॉल्फिनची बस?"

"कधीच गेली."

"गेली कशी? अजून वेळ आहे!" साहेबांनी मनगट पुढे केलं. त्या माणसाने नुसतं बंदराच्या मोठ्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

"काल घड्याळं पुढे करायला सांगितलं होतं साहेब."

"अहो, पण दोन माणसं कमी आहेत हे दिसलं ना? जरा थांबायचं नाही?"

"असं कसं? गाडी कुणासाठी थांबत नसते."

साहेबांचं पुढे केलेलं मनगट खाली आलं. वहिनी हळूच म्हणाल्या, "काल सांगितलं होतं? तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं गं, पण मला वाटलं, जहाजाचंच घड्याळ..."

"राहू दे. तुम्हाला मनातून नकोच होतं."

त्या चिडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. तीस वर्षांत वहिनींनी त्यांना हेकट म्हटलं होतं, लाकडी म्हटलं होतं, पण लबाड कधी म्हटलं नव्हतं. पुढच्या क्षणी डेपोच्या इतिहासात कुणी ऐकला नसेल असा आवाज साहेबांनी काढला. "टॅक्सी!"

ते पोहोचले तेव्हा बसची मंडळी पोहून, कपडे बदलून खायला बसली होती. डॉल्फिनना शिकवणारा बलदंड गडी बादल्या उचलत होता. त्याच्या गळ्यात शिट्टी होती.

"वेळ संपली," तो म्हणाला.

साहेबांनी त्या शिट्टीकडे पाहिलं आणि हात जोडले. "अहो, पाचच मिनिटं. ही दोन वर्षं पोहायला शिकलीय यासाठी. तिची काही चूक नाही. तिचं घड्याळ मीच आहे, आणि तेच चुकलं."

गडी विरघळला. "बाईंना घेतो. पण जोडी लागेल. हे दोघे डॉल्फिन एकत्रच काम करतात. एकाला माणूस दिला आणि दुसऱ्याला नाही, तर तो रुसतो. मग दिवसभर ऐकत नाही कुणाचं."

वहिनी म्हणाल्या, "नको. यांना पाण्याची फार भीती वाटते. चला, जाऊ परत." आणि त्या टॉवेलची घडी घालू लागल्या. बायको आपल्याला सांभाळून घेतेय हे साहेबांना तिच्या ओठ मिटण्यापेक्षा जास्त लागलं. ते वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.

वहिनी पाण्यात उतरल्या आणि वय विसरल्या. डॉल्फिनच्या पाठीवरून हात फिरवताना त्या शाळकरी पोरीसारख्या खिदळत होत्या. साहेब लाइफ जॅकेट घालून शिडीला घोरपडीसारखे चिकटले होते, तोंडाने सगळ्या देवांची नावं चालू होती. शेजारी दुसरा डॉल्फिन एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत तरंगत होता.

"शिडी सोडा साहेब!" गडी ओरडला. "तो तुमच्यासाठी थांबलाय!"

डॉल्फिन खरंच थांबला होता. कुठे जायची घाई नाही, शिट्टी नाही, काही नाही. साहेबांनी डोळे मिटले आणि हात सोडले. त्यानंतर काठावरच्या लोकांना "हळू! अहो हळू! वळणावर तरी हळू!" एवढंच ऐकू येत राहिलं. नाकातोंडात पाणी गेलं, घड्याळात गेलं, ते कायमचं बंद पडलं.

कपडे बदलून येईपर्यंत बस भरली होती. जागेवर बसून सगळे त्या दोघांची वाट बघत होते. "मंडळी म्हणाली, थांबू या," बसवाला म्हणाला. ओल्या केसांनी साहेब खाली मान घालून सीटपर्यंत गेले.

"मनातून नकोच होतं म्हणाले ना मी, ते मागे घेते," वहिनी त्यांच्या खांद्याला टेकून म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पण ओरडत होतात केवढं हो!"

सुट्टी संपली. पहाटेच्या पहिल्या गाडीला शिट्टी मारायला साहेबांनी हात उचलला आणि त्यांना मागून एक माणूस जिवाच्या आकांताने पळत येताना दिसला. घामाघूम, लालबुंद. त्यांनी शिट्टी खाली घेतली.

"थांबा!" ते ड्रायव्हरला म्हणाले. ड्रायव्हरने आपल्या कानात बोट घालून पाहिलं. अख्खी बस माना बाहेर काढून बघू लागली. साहेबांचे डोळे पाणावले होते.

"या, सावकाश या!" ते दोन्ही हात पसरून म्हणाले. "गाडी थांबलीय तुमच्यासाठी!"

तो माणूस जवळ आला, धापा टाकत त्याने साहेबांना हात केला आणि बसला वळसा घालून सरळ पुढे पळत निघून गेला.

"डॉक्टरांनी पळायला सांगितलंय त्याला," ड्रायव्हर म्हणाला. "रोज याच वेळेला जातो, तुमचं कधी लक्ष गेलं नसेल. आता मारा शिट्टी साहेब, आयुष्यात पहिल्यांदा गाडी लेट झाली आपली."