प्रतिक्षाची परीक्षा आणि बंद माग

प्रतिक्षाची आइसलँडी भाषा एकेका वाक्यापुरती बरी होती. मी नर्स आहे. मी सोलापूरला राहते. मला काम आवडतं. एवढं बोलून ती थांबायची आणि पुढचं वाक्य येईपर्यंत समोरच्याचा चहा पिऊन व्हायचा. आइसलँडमधल्या एका वृद्धाश्रमात नोकरी जवळजवळ पक्की होती, फक्त आज दुपारची ऑनलाइन तोंडी परीक्षा पास व्हायला हवी होती. आणि परीक्षेत नेमकं हेच बघणार होते, की वाक्यं जोडून बोलता येतं का.

तिचे वडील नागनाथ यांची सगळी नोकरी पाण्याचे पाइप जोडण्यात गेलेली. त्यांना लेकीची अडचण चटकन कळली.

"म्हंजी कपलिंग बसंना झालंय," ते म्हणाले. "आणि-ला काय म्हणत्यात?"

"ओग."

"पण-ला?"

"एन. आणि कारण म्हणजे अफ थ्वी अथ. शब्द येतात हो पप्पा, बोलायला बसलं की पळून जातात. त्यात ही खटखट."

खटखट शेजारच्या बसवराजच्या यंत्रमागांची होती. पोरीचं घोडं त्यापायी अडू नये म्हणून नागनाथांनी बसवराजला गाठलं. माणूस भला. त्याने आपले माग बंद केलेच, शिवाय गल्लीतल्या इतरांनाही निरोप धाडला, "नागनाथकाकांच्या घरासाठी तासभर बंद ठेवा." कशासाठी, हे सांगायचं तेवढं राहिलं.

आणि त्या गल्लीत भरदुपारी सगळे माग एकदम थांबायचे ते कुणाची मयत झाली तरच.

परीक्षा सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच लोक जमू लागले. समोरचा रावजी पांढरी टोपी घालून आला. बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या. नागनाथ दारात उभे होते. खिडकी उघडी असल्यामुळे त्यांना बोलायची सोय नव्हती. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आत हात दाखवला आणि सगळ्यांना खाली बसायची खूण केली. एवढी माणसं पोरीच्या परीक्षेसाठी आली म्हणून त्यांचा ऊर भरून आला, डोळ्यांत पाणीही आलं. ते पाहून लोकांची खात्रीच पटली.

नागनाथ दारात, पोरीचा आवाज आतून येतोय, म्हणजे उरली ती त्यांची बायको शालन. शेजारच्या वच्छलामावशीने हिशेब केला आणि हंबरडा फोडला.

"शालने, मला टाकून कुटं गं गेलीस?"

"नव्या पेठंत," मागून शालन म्हणाली. तिच्या हातात पिशवी होती. "ब्लाऊजपीस आणाय गेल्ते. कोण गेलं?"

वच्छलामावशीने मागे वळून पाहिलं आणि ती आधीपेक्षा मोठ्याने किंचाळली. मग सगळेच एकदम बोलू लागले. आत स्क्रीनवरच्या परीक्षक बाईंनी काहीतरी विचारलेलं नागनाथांना ऐकू आलं. गेली नोकरी, त्यांना वाटलं, आणि घालवली आपणच.

मग प्रतिक्षा बोलू लागली. नागनाथांना कळत काहीच नव्हतं, पण मधूनमधून ओग येत होतं, एन येत होतं, अफ थ्वी अथ तर चार-पाचदा आलं. पोरगी दम घ्यायलाही थांबत नव्हती.

थोड्या वेळाने ती बाहेर आली.

"बाईंनी विचारलं, कोण रडतंय. मग सांगावंच लागलं, की कुणी मेलं नाही, पण लोक रडतायत, कारण माग बंद आहेत, आणि माग बंद आहेत कारण माझी परीक्षा आहे."

"मग?"

"पोट धरून हसल्या. पास केलं, पप्पा. पुढच्या महिन्यात निघायचं."

"आन् परत कवा?"

"सुट्टी दोन वर्षांनी."

वर्षभर गल्लीभर आइसलँडचं कौतुक सांगत फिरलेले नागनाथ पायरीवर बसले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला, आणि त्यांचे खांदे हलू लागले.

वच्छलामावशी पदर सावरून त्यांच्या शेजारी टेकली.

"रड बाबा," ती म्हणाली. "आमी त्यासाठीच आलोय की."