पिसाच्या टोपीतली बाई

हिल्डा केस सेट करून घ्यायला गेली आणि इकडे सेड्रिक पॉबजॉयने चहाचा कप नेमका तिच्या तोंडावर ठेवला. म्हणजे फोटोतल्या तोंडावर. पूर्वी थिएटरबाहेर जाहिरातीला लावायचे तसला तो काळा-पांढरा फोटो. पुढे स्टेशनवर एका छत्रीत नायक-नायिका आणि मागे गर्दीत पिसाची टोपी घातलेली एक बाई. ती बाई आपणच, असं हिल्डा चाळीस वर्षं अख्ख्या बेकन्सफील्डला सांगत आली होती. त्या सिनेमात गर्दीत उभं राहण्याचं काम तिने केलंही होतं. आज संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये तो फोटो मांडायचा होता, आणि हिल्डा दोन शब्द बोलणार होती. म्हणूनच तर सेड्रिकने तो पुसायला फ्रेममधून काढला होता.

कपाचं गोल वळं उमटलं. त्याने ते ओल्या फडक्याने घासलं. वळं गेलं, पण जाताना टोपीखालचं तोंडही घेऊन गेलं.

त्याच फोटोची दुसरी प्रत शोधायला सेड्रिक सपाता घालूनच जुन्या वस्तूंच्या दुकानात धावला.

"आहे की!" दुकानदार म्हणाला. "खोक्यात पडून होता, ऊन लागलेलं नाही. गुंडाळून देऊ?"

"नको, नको! तसाच द्या!"

घरी फ्रेममध्ये बसवताना त्याने फोटो नीट पाहिला. जुना फोटो उन्हाने फिकटलेला होता, हा लख्ख होता. टोपीखाली पोपटासारखं नाक आणि हनुवटीवर तीळ. ही तर शेजारची एनिड ट्रॅन्टर!

एवढ्यात हिल्डा आलीच. "पुसलास?"

"पुसला."

"बघ, कसा उजळलाय! तुला कामाला लावलं की होतं सगळं." नव्या केसांवर चष्मा शोभत नाही म्हणून तो पर्समध्येच होता.

हॉलमध्ये मात्र एनिड चष्मा लावून फोटोवर वाकली, तेव्हा काकडीचं सँडविच सेड्रिकच्या घशातच अडकलं. एनिडने फोटो पाहिला. मग हिल्डाकडे पाहिलं. मग पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या नवऱ्याकडे. आणि मोठ्याने म्हणाली, "हिल्डा, काय दिसायचीस गं तू!"

टाळ्या पडल्या. हिल्डाचे दोन शब्द पाऊण तास चालले.

नंतर चहाच्या टेबलाशी सेड्रिकने एनिडला गाठलं. "मिसेस ट्रॅन्टर, तुमचे उपकार कसे फेडू..."

"हळू बोला हो!" एनिडने त्याची बाही ओढली. "त्या शूटिंगच्या दिवशी आजी वारली म्हणून मी बँकेतून रजा घेतली होती. साहेबांनी बिचाऱ्यांनी घरी फुलं पाठवली. मी आभार मानायला गेले, तिथूनच आमचं जमलं." तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. ट्रॅन्टरसाहेब डुलक्या काढत होते. "आजीला नंतर दूरची मावशी म्हणून लग्नाला बोलवावं लागलं!"