कानतुटीला काय कळत होतं

प्रकल्प बंद झाल्याचं संशोधकांनी बायकोला सांगितलंच नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता थंडी सरली, ऊन तापू लागलं. रोज सकाळी ते डबा घेऊन ऑफिसला म्हणून निघायचे आणि वस्तीमागच्या पाण्याच्या टाकीपाशी, रानातून उतरणाऱ्या माकडांच्या टोळीसमोर जाऊन बसायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी याच टोळीपायी घालवली होती. प्रश्न एकच : दुसऱ्याला काय दिसतंय, काय ठाऊक आहे, हे माकडाला कळतं का? उत्तर मिळायच्या आतच संस्थेचा धीर सुटला.

त्या दिवशीही ते खिन्न होऊन कट्ट्यावर बसले होते. शेजारी पिशवी, पिशवीत डबा आणि मोबाइल. पलीकडे कानतुटी नावाची म्हातारी माकडीण पाठमोरी बसून अंग खाजवत होती, पिशवीशी जणू तिचं काही देणंघेणंच नाही. टोळीचा दांडगा नर वर टाकीच्या कठड्यावर होता. तो बघत होता तोवर ती हलली नाही. त्याने मान फिरवली, नेमकी तेव्हाच संशोधकांना जांभई आली, आणि पिशवी गेली.

पिशवी घेऊन कानतुटी झाडावर न चढता टाकीच्या खांबाआड, नराला वरून दिसणार नाही अशा बरोब्बर जागी जाऊन बसली आणि हलक्या हाताने डबा उघडू लागली.

"तिला कळतंय!" संशोधक पुटपुटले. "त्याला काय दिसत नाही, ते तिला कळतंय!"

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते समोर घडत होतं. बघायला दुसरं कुणी नव्हतं, आणि फोटो काढायचा मोबाइल कानतुटीच्या मांडीवर होता.

तेवढ्यात तो वाजला. दचकून तिने त्यावर पंजा मारला आणि फोन उचलला गेला. आवाजाने नराला सुगावा लागला, त्याने वरून झेप घेतली, आणि पुढची सगळी किंचाळी फोनमध्ये गेली. संशोधक सोडवायला धावले ते गळक्या नळाखालच्या चिखलात घसरून बसले. डबा नराबरोबर कठड्यावर पोचला.

थोड्या वेळाने बायको धापा टाकत आली. "अहो! काय झालं? केवढ्यांदा किंचाळत होता तुम्ही!"

"मी नाही, कानतुटी," कठड्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "ऑफिसच्या कामाने आलो होतो. साहेबांनीच पाठवलं."

"उठा आधी."

"संध्याकाळी रिपोर्ट द्यायचाय..."

"अहो, बंद झालंय ना ते?"

वर नर पोळी खात होता. संशोधक तिकडेच बघत राहिले. "कोण म्हणालं?"

"तुमच्या ऑफिसातल्या बाई. बंद झालं त्याच दिवशी फोन आला होता त्यांचा."

"मग रोज डबा कशाला देत होतीस?"

"तुम्ही रोज निघत होता म्हणून. इथं येऊन बसता, तेही ठाऊक होतं."

"एकदा बोलायचंस तरी!"

"‘हिला माहीत नाही’ या भरवशावर तर तुम्ही सकाळी उठत होता. तोही काढून घेऊ?"

संशोधकांनी आता कुठे तिच्याकडे वळून पाहिलं. तिच्या अंगात निळा कोट होता. खिशावर दातांच्या दवाखान्याचं नाव होतं.

"हे काय?"

"नोकरी. तुम्ही गेलात की जाते, तुमच्या आधी परत येते. आज जेवणाच्या सुट्टीत, तुम्ही जेवलात का विचारायला फोन केला."

"आणि मला सांगितलं नाहीस?" ते म्हणाले, आणि त्यांचं तेच ओशाळले.

तिने त्यांना हात धरून उठवलं. "निघते मी. पेशंट तोंड उघडून बसलेत. तुम्ही घरी जाऊन कपडे बदला."

"घरी कोण आहे?"

"कोण असणार?" तिने कोटाच्या खिशातून किल्ली काढून त्यांच्या चिखलाच्या हातावर ठेवली. "दार आधी आपल्याकडे ओढायचं, मगच किल्ली फिरते."

"कधीपासून अडकतंय ते?"

"आपण राहायला आलो तेव्हापासून," ती म्हणाली आणि भराभर उतार उतरू लागली.