तीन शिट्ट्यांचं वरण

"हॉटेल नको, घरच घेऊ," असं हेमचंद्र म्हणाला आणि तिथेच सगळं बिनसलं.

तसं त्याचं बिनसायला फारसं काही लागत नाही. टोकियोतल्या फुनाबोरीच्या आपल्या मराठी मंडळींत तो फार हुशार म्हणून प्रसिद्ध आहे (ही प्रसिद्धी त्याने स्वतःच केलेली आहे). आयटी कंपनीत बरा हुद्दा आहे, जपानी भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी पास आहे आणि ही दुसरी गोष्ट तो नवीन माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो.

त्याची बायको शैलजा मात्र खरोखर थकली होती. उन्हाळ्यात सासूसासरे दोन महिने राहून गेले. ते गेले तोच नणंद आली, जुळी घेऊन. नोकरी सांभाळून बाईने पोळ्या लाटल्या, त्या ओळीने मांडल्या असत्या तर पुण्यापर्यंत पोचल्या असत्या. आता तिचं मागणं एकच होतं. डोंगरातलं एखादं जपानी हॉटेल, गरम पाण्याचं कुंड आणि बसल्या जागी कुणीतरी आणून ठेवलेलं आयतं ताट.

"अगं, हॉटेलात सगळ्यात मासे घालतात," हेमचंद्र म्हणाला. "सुपात, भाजीत, लोणच्यातसुद्धा! त्यापेक्षा सेंदाईच्या पलीकडे डोंगरात एक जुनं घर मिळतंय. सेल्फ-केटरिंग. एकदम निवांत!"

"सेल्फ म्हणजे कोण?" शैलजाने विचारलं.

"मी!" हेमचंद्रने छाती पुढे काढली. "चार दिवस तू स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा नाहीस. शब्द देतो."

"याबाई," दहा वर्षांची जुई मान वर न करता म्हणाली. (इथली पोरं हा शब्द संकट आलं की वापरतात आणि आइस्क्रीम मिळालं तरी वापरतात. आइस्क्रीम तर कुठे दिसत नव्हतं.)

स्वयंपाक स्वतः करायचा म्हटल्यावर सामानही स्वतःचंच हवं. हेमचंद्रने मिसळणाचा डबा घेतला, तवा घेतला, पोळपाट-लाटणं घेतलं, तूरडाळ घेतली आणि सगळ्यावर, एखाद्या मूर्तीसारखा टॉवेलात गुंडाळून, आपला जुना पुण्याचा कुकर ठेवला. "अरे, चार दिवसांसाठी चाललोय की बिऱ्हाड हलवतोय?" शैलजा म्हणाली. त्याने ऐकलं नाही.

घर खरंच सुंदर होतं. मागे डोंगर, पुढे दरी, दारात केशरी फळांनी लगडलेलं काकीचं, म्हणजे पर्सिमनचं, झाड. शांतता तर अशी की पान पडलं तरी ऐकू यावं. घरमालकीण कान्नो-सान पंचाहत्तरीची, कमरेत वाकलेली, पण जीभ ताठ. तिने दारातच गावच्या बोलीत भराभरा बरंच काही सांगितलं. डोंगराकडे बोट दाखवलं, झाडाकडे दाखवलं, खुंटीला टांगलेली एक लाल शिट्टी दाखवली. हेमचंद्र प्रत्येक वाक्याला कमरेत वाकून "हाय, हाय" म्हणत होता. आता खरं सांगायचं तर त्याला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. पण तिसरी पातळी पास झालेल्या माणसाने "पुन्हा सांगता का?" विचारायचं कसं?

"काय म्हणतायत त्या?" शैलजाने विचारलं.

"काही नाही गं, कचरा वेगवेगळा करा म्हणतायत." (जपानी माणसाचं बोलणं कळलं नाही की ते कचऱ्याबद्दलच असणार, असा हेमचंद्रचा अनुभव. दहातल्या नऊ वेळा बरोबर निघतो.)

"बाबा, त्या अस्वलाचं काहीतरी म्हणाल्या," जुई म्हणाली.

"मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये," हेमचंद्र म्हणाला आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मायलेकींना गावातल्या कुंडावर पिटाळलं. "जा, मस्त डुंबून या. आलात की वरण-भात, तूप, लिंबू. आयतं ताट!" शैलजाने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो लग्नाच्या वेळचा झाला. बिचारीला खरंच वाटलं हो! किती महिन्यांनी ती कुंडाच्या उघड्या आभाळाखाली गळ्यापर्यंत ऊन पाण्यात बसली आणि डोळे मिटले.

इकडे हेमचंद्रने कुकर चढवला आणि धूर नको म्हणून स्वयंपाकघराची काचेची दारं सताड उघडी टाकली. वरणाला तीन शिट्ट्या, हे तर आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

पहिली शिट्टी झाली. दरीतून तिचा प्रतिध्वनी आला आणि हेमचंद्रला आवडला. दुसरी झाली. तिसरी झाली. तो गॅसपाशी निघाला, तेवढ्यात खांबावरच्या भोंग्यातून सावकाश, स्वच्छ, अगदी परीक्षेतल्यासारख्या जपानीत घोषणा झाली. ही मात्र त्याला शब्दन् शब्द कळली. गावात अस्वल शिरलंय. कुणी घराबाहेर पडू नये.

त्या गावचा रिवाजच तसा होता. अस्वल दिसलं की तीन लांब शिट्ट्या मारायच्या, मग बाकीचे मदतीला येतात. कान्नो-सान काल दारात नेमकं हेच सांगत होती.

हेमचंद्र पळाला. गॅसपाशी जायचं म्हणजे उघड्या दारासमोर जायचं, ते कोण करणार? त्याने गाद्यांचं कपाट उघडलं, लाटणं हातात घेऊन आत शिरला आणि दार ओढून घेतलं. कुकर बिचारा एकटाच शिट्ट्या मारत राहिला. चौथी, पाचवी, सहावी. तिकडे गावाला वाटलं, पाहुणा अजून जिवंत आहे, धावा रे! कुणी पातेली बडवू लागलं, कुणी फटाके लावले. कपाटात हेमचंद्रला वाटलं, गोळीबार चाललाय. अस्वल एक नसून टोळी असावी.

कुंडावर बायकांना घाईघाईने पाण्यातून बाहेर काढलं होतं. सगळ्या भेदरून कान देत होत्या. शैलजानेही कान दिला, आणि तिचा चेहरा बदलला.

"अगं बाई," ती म्हणाली, "हा तर आमचा कुकर! आठवी शिट्टी झाली, मेला गॅस का बंद करत नाहीये?"

जुईने ते जपानीत सांगितलं. बायकांतली एक फिस्सकन हसली, आणि मग कुणालाच आवरेना. शैलजाला मात्र हसू आलं नाही. तिचं कुंडातलं डुंबणं गेलं होतं, आणि आता ताटही जाणार हे तिला कळलं होतं.

ओल्या केसांनी, पायात मिळतील त्या सपाता घालून ती घराकडे निघाली. मागे नारंगी जाकिटं घातलेले चार म्हातारे शिकारी आणि त्यांच्या मागे कान्नो-सान.

"हेमचंद्र! गॅस बंद कर!" ती फाटकातून ओरडली.

"शैलू, आत येऊ नकोस! अस्वल आहे!" कपाटातून आवाज आला.

"माहितीये! पंधरा वर्षं संसार करतेय त्याच्याशी!"

तिने उंबरठा ओलांडायचा नाही असा त्याने शब्द दिला होता, म्हणून ती उंबरठ्याशीच थांबली. गॅस शेवटी कान्नो-सानने बंद केला. वरणाचा कोळसा झाला होता. हेमचंद्र कपाटातून लाटण्यासकट बाहेर आला आणि शिकाऱ्यांपुढे इतका वाकला की लाटणं जमिनीला टेकलं. त्याच्या डोक्याला गादीचा कापूस लागला होता. सगळ्यात म्हाताऱ्या शिकाऱ्याने त्याला नीट न्याहाळलं आणि बंदूक पाठीला लावली.

कान्नो-सानने कोळसा पाहिला, शैलजाचा चेहरा पाहिला, आणि तिला काय कळायचं ते कळलं. बायकांना अशा गोष्टी कुठल्याही बोलीत कळतात. मायलेकींना ती आपल्या घरी घेऊन गेली. मासे वगळून तिने वाफाळता भात, रानभाज्या, लोणचं असं सगळं ताटात मांडून शैलजापुढे ठेवलं. शैलजाने पहिला घास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचे दिवस गावातली एकेक बाई दोन ताटं आणून देत राहिली. तिसरं कुणी आणलं नाही, आणि विचारलंही नाही.

हेमचंद्र त्या वेळात घरोघर मिठाईचा खोका घेऊन माफी मागत होता आणि उरलेल्या वेळात कुकर घासत होता. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

वसंतातल्या सुट्टीत शैलजा पुन्हा त्या गावी गेली, जुईला आणि मैत्रीण कश्मिराला घेऊन. हेमचंद्र म्हणाला, "मी येऊ का सामान उचलायला?" तर कान्नो-सानचाच निरोप आला होता की तेवढे कष्ट त्यांनी घेऊ नयेत. तो फुनाबोरीत कन्व्हिनियन्स स्टोअरमधला गार भात खात बसला होता, तेव्हा शैलजाचा फोन आला.

"कसं चाललंय?" त्याने विचारलं. "निवांत?"

"स्वर्ग आहे रे! सगळे तुझी चौकशी करतायत."

"हो?" हेमचंद्र सुखावला. "काय विचारतात?"

"सगळ्यांचा एकच प्रश्न. यंदा अस्वल येणार का? म्हटलं, नाही, ते घरी बांधून ठेवून आलेय."