सगळ्यांना एकच नियम

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही," असं भिंग सकाळपासून ज्याला त्याला ऐकवत होते. ऑफिसात त्यांना भिंग म्हणायचे ते काही उगाच नाही. वीज वाचवणाऱ्या चिपमध्ये काय कशाला जोडायचं, याचा कोड डिझायनर बाई लिहायच्या, आणि तो तपासून बाईंच्या नाकी नऊ आणायचे ते भिंग. आज गिऱ्हाईकाला चिप पसंत पडली की साहेब त्यांना तपासणीप्रमुख करणार होते. बायकोने तर माहेरी कळवूनही टाकलं होतं.

चिपचं काम सरळ होतं. जो भाग रिकामा बसलाय त्याची वीज तोडायची, त्याला झोपवायचं. पण कोड तपासताना भिंगांना एक भाग असा सापडला, जो कधीच झोपत नव्हता!

"हा काय जावई लागून गेलाय?" त्यांनी बाईंना विचारलं.

"सर, कोणी हललं की तो बाकीच्यांना उठवतो. तो जागा नको का?"

"दिवसभर वाट बघत बसतो म्हणजे रिकामाच की. इथं लाड चालायचे नाहीत. सगळ्यांना एकच नियम."

"अहो, पण..."

"पण नाही नि बिण नाही. झोपवा त्याला, नाहीतर माझी सही विसरा."

सहीशिवाय तर पान हलत नव्हतं. बाईंनी कपाळावर हात मारला, त्यालाही झोपवलं आणि कोड नमुन्याच्या चिपमध्ये भरला.

दुपारी गिऱ्हाईक आलं. मीटिंगच्या खोलीतला सगळा कारभार चिपवर सोपवलेला होता. "आता कोणी हलू नका," साहेब कौतुकाने म्हणाले. सगळे शहाण्या मुलांसारखे हाताची घडी घालून बसले. चिपला वाटलं, खोली रिकामी. आधी पडद्यावरचं चित्र गेलं, मग एसी, मग दिवे. खोलीला खिडकी नव्हती. डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. चिप किती वीज खाते ते दाखवणारा बॅटरीवरचा मीटर तेवढा चमकत होता, आणि त्यावर शून्य.

"शून्य?" गिऱ्हाईकाचा आवाजच बदलला. "बाकीच्यांची चिप झोपेतही थोडीफार वीज खाते हो. तुमची काहीच खात नाही!"

"आमच्या भिंगांची करामत," साहेबांनी अंधारात गिऱ्हाईकाचीच पाठ थोपटली. "आजपासून हेच आमचे तपासणीप्रमुख."

भिंगांची छाती फुगली. टाळ्यांचा कडकडाट झाला. इतके हात हलले, तरी एक दिवा लागला नाही. भिंगांना सकाळी झोपवायला लावलेला तो भाग आठवला.

"घेतली चिप," गिऱ्हाईक म्हणालं. "आता उठवा तिला."

"प्रमुख, उठवा," साहेब म्हणाले.

भिंगांनी एक हात हलवला. मग दोन्ही. मग खुर्चीभोवती फेरी मारली. शेवटी लाज गुंडाळून ठेवून जागच्या जागी उड्या मारायला लागले.

"हे काय धपधपतंय?" गिऱ्हाईकाने विचारलं.

"तपासणी चालू आहे," साहेब म्हणाले.

भिंग घामाघूम होऊन चाचपडत बाईंपाशी गेले आणि कानाशी कुजबुजले, "मी जरा बाहेर जाऊन येतो. दार कुठंय?"

"सर, दारही चिपच उघडते."