डावीकडून बघायची वही

गंगाखेडात मासेवाल्या बायकांच्या टोपल्यांना येता-जाता रामराम घालणारा माणूस एकच, आमचे शेजारी नाना. "सरदाराचे भाऊबंद हायेत," म्हणायचे. माशाला आयुष्यात हात लावला नाही. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि नेमकी मी शाळेत शिकवून परतताना नानांसोबत असायची.

सरदार म्हणजे एका जपानी चित्रकथेतला समुद्री लुटारू. अंग निळं, दाढीत शिंपले, राहायला दर्याच्या तळाशी. लुटारू असून गरिबाला लुटत नाही आणि दिलेला शब्द मोडत नाही. "डाकू हाय, पण जबानीचा लय पक्का," नाना सांगायचे, जणू तो त्यांच्या ओळखीचा मामलेदारच असावा.

ती इंग्रजीतली पुस्तकं त्यांच्या मुलीची, मुक्ताची. एकुलती एक पोर. ती अकरावीत असताना गंगेत बुडाली; गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. त्यानंतर नानांनी तिचं दप्तर उघडलं आणि सरदार घरात आला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पण ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे बघायची असतात, आणि तिथं नाना तयार. तहसिलीत निजामाच्या वेळचे उर्दू कागद वाचण्यात त्यांची सारी नोकरी गेलेली. मी पुस्तक चाळायला घेतलं की म्हणायचे, "उलटं धरायलाव, ताई. उजवीकडून." तीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या बाईनं हे ऐकून घ्यायचं!

वेळेचं तर वेडच होतं. एकदा तापानं फणफणलेले, मफलर गुंडाळून माझ्या दारात हजर.

"अहो, झोपून राहायचं ना."

"पाचला येतो म्हणलो होतो."

काम काय, तर मिक्सरचं झाकण परत करायचं होतं.

गेल्या वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. नजर राहीलच असं डॉक्टर म्हणेनात. परभणीला निघताना नानांनी एक वही माझ्या हातात दिली. स्वतः काढलेली चारच चित्रं.

"ही तेवढी डावीकडून बघायची. जबान द्या."

दिली. पण सांगितलेलं ऐकेन तर मी कसली? एसटी सुटली आणि मी वही उजवीकडून उघडली.

पहिल्या चित्रात मुक्ता दारात, नाना सायकलवर, भिंतीवर घड्याळ. दुसऱ्यात ती घाटाच्या पायरीवर एकटीच. तिसऱ्यात कमरेइतक्या पाण्यात सरदार, त्याच्या हातांवर मुक्ता. चौथ्यात नुसतं पाणी.

मुक्ता बुडाली त्या दिवशी नाना तिला म्हणाले होते, पाचला घाटावर येतो, थांब. कचेरीत अडकले. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, मलाही. तरी मला स्वतःचा फार राग आला.

नाना परतले ते नजर घालवूनच.

"वही उघडली का, ताई?"

"डावीकडून," मी म्हणाले. इतकं धडधडीत खोटं मी कधी बोलले नव्हते.

आता रोज पाचला मी त्यांच्याकडे जाते, मिनिटभरही उशीर करत नाही. नाना खाटेवर बसून म्हणतात, "सांगा." मी डावीकडून सुरू करते. आधी नुसतं पाणी. मग सरदार मुक्ताला उचलून पाण्यातून वर येतो. मग ती पायरीवर बसून केस वाळवते. मग ती घरी, दारात उभी, आणि समोर सायकलवर नाना.

"घड्याळात किती वाजायलेत?" ते विचारतात.

चित्रातल्या घड्याळात सकाळचे दहा वाजलेत, कचेरीला निघायची वेळ. त्यांनीच काढलेत.

"पाच," मी सांगते.

नाना मान हलवतात. मी वही मिटते.